पहिल्यांदाच डोंगर चढून ढगांवरचा सूर्योदय बघायला निघताय?

बेत झकास आहे, जरूर जा. फक्त वेळेचं गणित सूर्योदयापासून उलटं मांडा. खरे रंग सूर्य वर यायच्या अर्धा तास आधीच सुरू होतात, म्हणून माथ्यावर पाऊण तास आधी पोचायचं. अंधारात ६०० मीटरच्या चढाला नवख्यांना दोन-अडीच तास सहज लागतात.

दुसरं, थंडी. दर १००० मीटरला पारा साधारण ६.५ अंशांनी उतरतो, वर वारा वेगळाच. चढताना घामाने भिजलेला टीशर्ट माथ्यावर दहा मिनिटांत हुडहुडी भरवतो. कोरडा जोड सॅकमध्ये ठेवा. पोचल्यावर आधी तो बदला, मग फोटो!

हमखास होणाऱ्या चुका:

- मोबाइलच्या उजेडात चढणं. प्रत्येकाकडे हेडलॅम्प हवाच, हात मोकळे राहतात.
- जोशात पुढे पळणं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.
- अनोळखी वाटेवर थेट रात्री जाणं. आधी एकदा दिवसा चढून या.

ढगांची हमी कोणीच देत नाही. आदल्या दिवशी पाऊस, रात्री निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असेल तर दरीत ढग साचायची शक्यता जास्त. विजांचा अंदाज असेल तर मात्र बेत सरळ रद्द करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगचं पुढच्या वेळी बघू.