एकच विहीर बघा, पण नीट बघा

मॅडम, तुम्ही विचारलंय की आठवीची ४५ पोरं घेऊन एका दिवसात प्रतापगड, वाई, कास, सज्जनगड आणि लिंबची विहीर होईल का. गाडी फिरेल हो, पण पोरांच्या हाती काही लागणार नाही. मी पहिल्या वर्षी अशीच पाच ठिकाणं केली होती, दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काय बघितलं तर निम्म्यांना गाडीतली गाणी आठवत होती, मला फार वाईट वाटलं होतं.

माझं ऐका, फक्त लिंब करा. साताऱ्यापासून पंधराएक किलोमीटर, बारामोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतली, अष्टकोनी, खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट, आणि आत चक्क छोटा महाल. इतिहास तर आहेच, पण गणित बघा ना, ५० फूट व्यास धरून क्षेत्रफळ काढायला लावा, मग पाणी एक फूट वाढलं तर किती लिटर? साधारण ५५ हजार येतं (अष्टकोनाऐवजी वर्तुळ धरलं म्हणून थोडं इकडेतिकडे होईल, तो फरक का पडतो हेही पोरांनाच विचारा). हा आकडा वहीत आल्यावर पोरं परत विहिरीत डोकावून बघतात, तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मोट, म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी, पोरांनी पाहिलेली नसते. म्हणून गावातल्या एखाद्या जुन्या शेतकरी आजोबांना आधीच विनंती करून ठेवा. आमच्या वेळी एका आजोबांनी नाडा (मोटेचा दोर) कसा धरायचा ते नुसत्या हातवाऱ्यांनी दाखवलं, धाव (बैलांची ये-जा करायची उतरती वाट) कुठं असायची, थारोळ्यात (मोट रिकामी व्हायच्या कुंडात) पाणी कसं पडायचं सगळं. एका मुलीनं विचारलं, बैल चढावर ओढायचे का? आजोबा म्हणाले, नाही गं, उतारावर, म्हणजे त्यांचं वजनही ओढायच्या कामाला यायचं. सायन्सच्या तासाला मी हे तीनदा शिकवलेलं होतं, पण ते तिथं कळलं.

वेळ उरलाच तर परत येताना क्षेत्र माहुलीला थांबा. कृष्णा आणि वेण्णा दोन्ही महाबळेश्वरला उगम पावतात आणि इथं येऊन भेटतात, नकाशावर दोन्ही नद्या बोटानं गिरवून मग संगम दाखवा.

काळजी एकच, काठाशी एकावेळी दहापेक्षा जास्त पोरं नकोत, आणि मोजायचा टेप शिक्षकांनीच धरायचा. एसटीकडे शालेय सहलीची ५० टक्के सवलत असते, ती आधीच विचारून घ्या. कास सप्टेंबरला वेगळी काढा, जांभा खडक आणि किडे खाणारी झाडं हा पूर्ण एका दिवसाचा विषय आहे.