निसर्गामुळे खरंच माणसं गाव सोडतात का, की हे फक्त पुस्तकात असतं?

तुम्ही विचारलंय की पुण्यात येणारा प्रत्येक जण नोकरीसाठी आलो म्हणून सांगतो, मग भूगोलाच्या पुस्तकात स्थलांतराची कारणं म्हणून पाऊस, जमीन, हवामान कशाला लिहितात?

माझं माहेर गुहागर तालुक्यात, सासर बीडच्या आष्टी तालुक्यात आणि संसार पुण्यात धायरीत. माहेरी पावसाने कपडे वाळत नाहीत, सासरी आभाळाकडे बघून मान दुखते. माणसं दोन्हीकडची बाहेर पडली. त्यामुळे 'पाऊस कमी म्हणून लोक जातात' हे वाक्य मला लग्नानंतर काही पटलेलं नाही. पाऊस किती पडतो ते सोडा, एप्रिल-मेमध्ये पाणी कुठे शिल्लक असतं ते बघा.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. तरी २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीची लोकसंख्या जवळपास पाच टक्के घटली, सिंधुदुर्गची दोन टक्के. पुणे जिल्हा मात्र तीस टक्के वाढून ९४ लाखांवर गेला. आमच्या माहेरच्या विहिरीत जुलैत वाकून कळशी बुडवता येते. एप्रिलच्या शेवटी तीच कळशी तळाच्या दगडाला खणखण लागायची आणि आई वाटीने पाणी भरायची. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, नद्या आखूड आणि उताराच्या, सगळं पाणी पंधरा दिवसांत खाडीला. मग भाताचं एकच पीक, तेही वाटण्या होऊन पंचाएवढ्या उरलेल्या खाचरात. घरटी एक तरी चाकरमानी मुंबईला जायचा, गावात बायका, म्हातारे आणि मनीऑर्डरची वाट. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कोकणातल्या बायका अचानक जास्त जन्मल्या असं नाही, मोजायला पुरुष गावात नव्हते. माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर काकांच्या ओळखीने पिंपरीला आले. म्हणजे कागदावर 'नोकरीसाठी'च.

सासरची गोष्ट वेगळी. १९७२ च्या दुष्काळात सासरे अठरा वर्षांचे होते. पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची आणि सुकडी खायची. अजूनही घरात कुणी ताटात टाकलं की ते मिलोच्या, म्हणजे दुष्काळात मिळालेल्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीची आठवण काढतात, मुलं कंटाळतात. पाच एकर मुरमाड जमीन, तीही दोघा भावांत. धाकट्याला ती ठेवून सासरे पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला आले.

पण तो धाकटा भाऊही गावात बारा महिने नसतो. खरिपाची बाजरी निघाली की दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्याकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली कोयती गाव सोडतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हिशोब त्यावरच असतो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायचा आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. कोकणी माणूस एकदा गेला की गणपती-शिमग्यालाच दिसतो. आष्टीचा माणूस दरवर्षी जातो आणि दरवर्षी येतो, कारण पावसाळ्यात त्याची जमीन थोडं का होईना देते. दोन्ही स्थलांतरंच, पण जात वेगळी.

आता तो ऊस कुठे आहे ते पाहा. दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यात पाऊस बीडहून फार वेगळा नाही, पाचशेच्या आसपास. फरक कालव्याचा. खडकवासल्याचा कालवा हडपसरवरून दौंड-इंदापूरला जातो, बारामतीला नीरेचा. सासवडच्या माळी समाजातली शेतकरी कुटुंबं नीरेच्या कालव्याच्या मागे गेली आणि १९३२ मध्ये थेट सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला त्यांनी साखर कारखाना काढला. कारखान्याच्या नावात अजून सासवड आहे. पाण्यामागे गेलेल्या माणसांचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उलटं बघायचं तर आपल्याच जिल्ह्याची पश्चिम बाजू घ्या. ताम्हिणीत पाऊस मोजायची सोय नाही इतका पडतो, आणि तिथली पोरं शहरात डिलिव्हरीच्या गाड्या चालवतात. पाणी त्यांच्या डोंगरावर पडतं, साठतं धरणात, वापरतात दुसरेच.

हवामानाचं म्हणाल तर पुण्याची हवा चांगली, ५६० मीटर उंची, संध्याकाळचा वारा, हे सगळं खरं. इंग्रजांनी पावसाळ्यातली राजधानी इथे आणली ती त्यासाठीच, पेन्शनरही त्यासाठीच आले. पण हवेने माणूस टिकतो, शहर फुगत नाही. फुगलं ते कारखान्यांमुळे आणि नंतर आयटीमुळे. ते कारखानेही मुंबईच्या वाटेवर, पवनेचं पाणी हाताशी, अशाच जागी आले. नोकरीच्या खाली चार बोटं उकरलं की भूगोल लागतोच. (आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो, खडकवासला हाकेच्या अंतरावर असताना. तो वेगळा विषय, त्यावर मी फार बोलते असं घरचे म्हणतात.)

प्रकल्पासाठी आकडे लागणार असतील तर एका गोष्टीत फसू नका. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या वीस दिवसांत जो सलग जिथे राहिला, तिथेच तो धरला जातो. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. आमचे चुलत सासरे तेव्हा कोल्हापूरकडे फडात होते, म्हणजे नियमाने ते तिथले. पुढची मोजणीही २०२७ च्या फेब्रुवारीतच आहे. म्हणून बीडच्या एखाद्या गावाचा आकडा घेतलात, तर सोबत तिथल्या शाळेचं जुलैचं आणि जानेवारीचं हजेरीपत्रकही मागून बघा.