अष्टागरातली पहिली रपेट: आधी वाडी, मग वाळू

पुण्याहून चौघं येणार, डिसेंबरातला एखादा शनिवार-रविवार, घोड्यावर याआधी कुणीच बसलेलं नाही, मुलगी दहा वर्षांची, वहिनींना थोडी भीती. आणि अलिबागच्या बाजूला, म्हणजे अष्टागरात, माणूस सोबत घेऊन दोन तासांची रपेट जमेल का, असं विचारलंय तुम्ही. जमेल की. फक्त दोन तास नको, तासभर पुरे. नवख्याच्या मांड्या अर्ध्या तासातच बोलायला लागतात, मग तो लगामाला लोंबकळतो आणि त्याचा त्रास घोड्याच्या तोंडाला.

किनाऱ्याची हौस जरा बाजूला ठेवा. समुद्रावर जे घोडे उभे असतात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवून आणतात. फोटोला ठीक. पण मोकळी वाळू दिसली की सुटायची सवय लागलेला घोडा नवख्याला आवरत नाही, त्यात नागावसारख्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी गाड्या-बोटींचा गोंगाट. त्यापेक्षा नागाव-चौलकडच्या आतल्या वाटा धरा. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या, पुढे भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत उतरणाऱ्या. दोन्ही बाजूंना कुंपण असलं की घोडा आपोआप चालीवर राहतो. डांबर जितकं कमी तितकं बरं, नाल घसरते.

खरी पारख मात्र घोडेवाल्याची करायची. फोनवरच विचारा: हेल्मेट देता का, किती घोड्यांमागे एक माणूस, मुलीचा घोडा दोराने धरून चालवणार का. ‘हेल्मेट कशाला, घोडा गरीब आहे’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. तिथं गेल्यावर खोगिराखालची गादी उचलून पाठ दाखवायला सांगा. केस झडून गुलाबी चामडी दिसली तर त्या घोड्यावर बसू नका. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, हा जाणकारांचा ढोबळ हिशेब. लहान चणीचं तट्टू ३०० किलोंचं धरलं तर ६० किलो झाले. तुम्ही ८०चे असाल तर मोठा घोडा मागा, लाजू नका.

चढायचं डावीकडून, हे ते सांगतीलच. तंगाकडे, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याकडे, मात्र तुम्ही स्वतः लक्ष द्या. पट्टा आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. दहा मिनिटं चालले की श्वास सुटतो, पट्टा ढिला पडतो आणि खोगीर हळूच एका कुशीला सरकू लागतं. चांगला घोडेवाला न सांगता थांबतो, पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहतो आणि एक भोक वर ओढतो. तुमचा थांबला नाही तर तुम्ही थांबवा. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाऊल चवड्यापर्यंतच, टाच खाली. पाय आरपार गेला आणि पडलात तर फरपट. म्हणूनच सँडल नको, थोडी टाच असलेला बूट हवा. पुढच्या घोड्याच्या शेपटीला खेटू नका. अगदी पाठीमागचं घोड्याला दिसत नाही, आणि लाथ काही विचारून बसत नाही.

समुद्र हवाच असेल तर शेवटची दहा मिनिटं, ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवरून. भुसभुशीत वाळूत घोड्याच्या पायांवर ताण येतो. वेळ कालनिर्णयवरून काढा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, म्हणजे सुकती (ओहोटी) नऊच्या सुमारास. सकाळच्या रपेटीला चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा शनिवार उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती आणि तीही उधाणाची, तेव्हा उशिरा निघालात तर वाळूच मिळणार नाही. पाण्यात घोडा पुढच्या पायाने पाणी उकरू लागला तर कौतुकाने बघत बसू नका, ती खाली बसून लोळायची तयारी असते. मान वर घ्या, टाच द्या, बाहेर काढा.

वहिनींसाठी सगळ्यात वयस्क घोडा मागा आणि त्यांना रांगेत घोडेवाल्याच्या लगेच मागे ठेवा. मुरलेला घोडा कुत्रं भुंकलं तरी कान हलवून पुढे जातो. कनकेश्वरला, त्या डोंगरावरच्या पायऱ्यांच्या देवळाला, जायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन या. रपेटीनंतर दोन दिवस पायऱ्या नकोशा वाटतात.