एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपवर वायफाय नीट चालत नाही. त्यासाठी इंटेलचं वायफाय कार्ड एएक्स २१० घेऊ की स्वस्त मिळणारं एएक्स २११?

२१० घ्या. २११ तुमच्या लॅपटॉपवर चालणारच नाही, फुकट मिळालं तरी नको.

इंटेलच्या सीएनव्हीआय पद्धतीत वायफायचं बरंचसं काम प्रोसेसर किंवा चिपसेटमध्येच (बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये) होतं, कार्डावर मुख्यतः रेडिओचा भाग उरतो. २११ हे असं अर्धं कार्ड आहे, म्हणून ते स्वस्त पडतं. एएमडीच्या बोर्डावर उरलेला अर्धा भाग नसतोच. घोळ असा की खाच दोन्हींची सारखीच. कार्ड व्यवस्थित बसतं, स्क्रूही लागतो, आणि विंडोज सुरू केलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं नावच नाही. मग माणूस उगाच ड्रायव्हर शोधत बसतो. जुन्या २०० आणि २०१ या जोडीचंही हेच: २०० पीसीआय एक्सप्रेस या सगळ्याच बोर्डांवर असणाऱ्या साध्या जोडणीवर चालतं, २०१ ला इंटेलचाच बोर्ड लागतो. वायफाय ७ चं बीई २०० दिसेल, त्याच्या मोहात पडू नका. एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर ते कुरकुर करतं.

पण मुळात कार्ड बदलायची गरज आहे का? आताच्या कार्डाचं नाव तुम्ही रिअलटेक ८८२१सीई दिलंय आणि प्लॅन १०० एमबीपीएसचा सांगितलाय. ते एका अँटेनाचं कार्ड आहे, ५ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ४३३ एमबीपीएसची जोडणी देतं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं हाती लागलं तरी तुमचा प्लॅन त्यात आरामात बसतो. तेव्हा आधी सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि नेटवर्क बँड, म्हणजे लॅपटॉप कोणत्या पट्ट्यात जोडलाय, ते बघा. तिथे २.४ गिगाहर्ट्झ असेल तर दुखणं बहुधा तिथेच आहे. सोसायटीत प्रत्येक घरात राउटर, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात ब्लूटूथचे हेडफोनही त्याच पट्ट्यात. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन लॅपटॉप त्याला जोडा आणि दोन दिवस वापरून बघा.

तरीही खोलीच्या दाराआड सिग्नल लटकत असेल, किंवा घरातल्या घरात मोठ्या फायली हलवायच्या असतील, तर २१० चा फायदा होईल. त्याला दोन अँटेना लागतात, म्हणून ऑर्डर करण्याआधी मागचं झाकण उघडून बघाच. स्वस्त लॅपटॉपमध्ये कधीकधी एकच वायर ओढलेली असते. पातळ मॉडेलमध्ये तर कार्ड बोर्डावरच डाकलेलं असतं, मग विषयच संपला. नवीन लॅपटॉप आहे, तेव्हा झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, तेही आधी विचारून घ्या.

२१० वर ६ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. तुमचा राउटर दोनच बँडचा आहे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचा.

बसवताना खरी कसरत अँटेनाच्या वायरींच्या टोकांवरच्या टोप्यांची. त्या ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतात. काढण्याआधी कोणती वायर कुठे आहे त्याचा फोटो घ्या आणि बॅटरीची पिन सोडवा. टोपी सरळ वर उचला, वायर धरून ओढू नका. लावताना टोपी बरोबर मधोमध ठेवून बोटाने दाबा. 'टक्' जाणवलं नाही तर ती बसलेली नाही, जोर न लावता उचलून परत ठेवा.

लिनक्स टाकणार असाल तर २१० ला ५.१० किंवा त्यापुढचा कर्नल (लिनक्सचा गाभा) पुरतो. आणि कार्ड डाकलेलंच निघालं, तर टेबलापाशी राउटरपासून लॅनची वायर ओढा, लॅपटॉपला लॅनची जागा नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो.