जहाज चालवायचंय की जहाजातून उतरायचंय?

ताई, नमस्कार.

निफाड तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग कौतुक वाटलं. लेक दहावीला आहे. किनाऱ्याच्या वाळूवर येऊन तोंड उघडणारं आणि पोटातून रणगाडे सोडणारं जहाज तिने मोबाइलवर पाहिलं आणि तेव्हापासून 'मला ह्याच जहाजावर जायचंय' हा एकच हेका. 'आम्ही द्राक्षवाले, घरात कुणाला पोहताही येत नाही, नाशिकला तर समुद्रच नाही. मुलीला हे झेपेल का?' असं तुम्ही विचारता.

तिला आधी एक विचारा: जहाज चालवायचंय की त्यातून उतरायचंय? अमेरिकेत किनाऱ्यावर उतरून लढायला मरीन कोअर हे वेगळं दल आहे. आपल्याकडे तसं नाही. जहाज नौदलाचं आणि उतरणारे जवान लष्कराचे. तिरुअनंतपुरमची ९१ इन्फंट्री ब्रिगेड त्यासाठीच तयार केलेली आहे. पण इन्फंट्री, म्हणजे पायदळ, मुलींना अजून खुली नाही. म्हणजे तुमच्या लेकीसाठी निवड झालीच: नौदल.

तिने पाहिलेलं जहाज बहुधा 'शार्दूल'च्या जातीचं असावं. कोलकात्याला बांधलेली ही जहाजं ११ रणगाडे आणि ५०० जवान नेतात. वाळूवर चढण्याआधी ती मागच्या बाजूला नांगर टाकतात आणि परतताना त्याच नांगराच्या आधाराने स्वतःला मागे ओढून घेतात. 'जलाश्व'ची तऱ्हा निराळी. सुमारे १७,००० टनांचं हे जहाज आपण २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलं. ते किनाऱ्याला लागतच नाही. टाक्यांत पाणी भरून शेपूट खाली करतं, समुद्र पोटात घेतं आणि आतल्या होड्या तरंगत बाहेर पडतात. मे २०२० मध्ये ह्याच जहाजाने मालदीवच्या मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं. अशीही कामं ह्या जहाजांच्या वाट्याला येतात, हे लेकीला जरूर सांगा.

खरी कसोटी पाण्याच्या अंदाजाची असते. नोव्हेंबर १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर अमेरिकी होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या, कारण भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी, भरती होती आणि पाणी पुरेसं चढलंच नाही. सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालावं लागलं. आपलाही अनुभव कडू आहे. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या कॉक्स बझारजवळ गोरखा जवान उतरवताना वाळूच्या पट्टीपलीकडे खोल पाणी निघालं आणि पहिले उतरलेले जवान बुडाले. किनारा किती उतरता आहे, वाळू कुठे सरकली, भरतीला किती वेळ उरला हे ज्याला कळतं तोच इथे कामाचा. नाशिककर काही अगदीच कोरा नाही म्हणा! दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ह्यावरून गोदेचा पूर सांगणारी माणसं आपण.

आता तयारी. मुलींसाठी सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकलाच २०२३ पासून आहे आणि तिथे दहावीनंतर प्रवेश मिळतो. जाहिरातीवर आत्तापासूनच लक्ष ठेवा. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेला ९०० गुण, त्यातले ३०० एकट्या गणिताचे, आणि नंतर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत पुन्हा ९०० गुणांची. लेखी पार पडली की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात मुलाखतीची तयारी करून घेतात. दुसरी वाट जेईई मेनच्या गुणांवर केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीत बी.टेक.ची. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून किमान ७० टक्के लागतात. पोहण्याची काळजी सोडा, ते तिथे शिकवतात. त्याऐवजी ह्याच महिन्यात डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याच्या चाचणीसकट. दोन वर्षं घोकंपट्टी करून वैद्यकीय तपासणीत परत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलीला झेपेल का? एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी ह्यांच्याकडे २०२३ मध्ये युद्धनौकेची कमान सोपवण्यात आली, असा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. मात्र नौदलात नेमणूक नौदल ठरवतं. 'हेच जहाज हवं' हा हट्ट तिथे चालत नाही, म्हणून तिला समुद्र आवडायला हवा, नुसते रणगाडे नव्हेत.

ते पाहायचा एक स्वस्त मार्ग सांगतो. परीक्षा झाली, तुमची खरड छाटणीही उरकली की मे महिन्यात तिला कोकणात न्या. एकाच किनाऱ्यावर अमावस्येला आणि मग अष्टमीला तिने काठी रोवून पाणी कुठवर चढतं, किती वाजता उतरतं हे वहीत टिपायचं. दिवसभर, उन्हात. दुसऱ्या दिवशी कंटाळून मोबाइल मागायला लागली तर मला कळवा, आपण दुसरं काही पाहू. वही भरली, तर ती वहीच मला पाठवा.