व्हॅनचे घर करताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कॅम्परव्हॅन घेणे, ती राहण्याजोगी करणे आणि तिच्यात राहणे या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत पलंग, ओटा आणि कपाटे यांविषयी पुष्कळ विचारणा आहे. कागदपत्रे, वजन आणि हवा यांविषयी मात्र फारच थोडी. आमच्या मते हा क्रम नेमका उलटा असायला हवा, म्हणून उत्तरांची सुरुवात कागदपत्रांपासून केली आहे.

प्रश्न : ओळखीतल्या एका शाळेची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकाऊ आहे. ती घेऊन आतली आसने काढून टाकावीत आणि गावातल्या सुताराकडून पलंग व ओटा करून घ्यावा, असा विचार आहे. आरटीओची परवानगी लागते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : लागते, आणि ती काम सुरू करण्यापूर्वी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमध्ये (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात) उत्पादकाच्या मूळ तपशिलाप्रमाणे जी नोंद झालेली असते तिच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आसनसंख्या, बॉडीचा प्रकार, रिकाम्या गाडीचे वजन आणि रंगसुद्धा या नोंदीचाच भाग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. दंडापेक्षाही मोठा धोका विम्याचा आहे. विमा कंपनीला न कळवता बदललेल्या गाडीला अपघात झाला, तर दावा नाकारण्यासाठी तिच्या हातात आयते कारण मिळते.

याचा अर्थ आपल्याकडे कॅम्परव्हॅन ठेवताच येत नाही, असा मुळीच नाही. खासगी वापराची कॅम्परव्हॅन हा परिवहनेतर (भाड्याने न चालणाऱ्या) वाहनांचा मान्य प्रकार आहे आणि अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. मानकानुसार तयार केलेल्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून होते, त्या प्रमाणपत्राच्या आधारे बांधणी करणारा व्यावसायिक गाडी तयार करतो आणि मग तिचे पासिंग कॅम्परव्हॅन म्हणून होते. एकट्या गाडीसाठी हा सगळा खर्च सामान्य माणसाला झेपणारा नसतो. म्हणून, ज्याच्याकडे नेमक्या त्याच मॉडेलचे प्रमाणपत्र आहे असा बांधणीकार आधी शोधावा, ते प्रमाणपत्र स्वतः पाहावे, ते घेऊन आपल्या आरटीओ कार्यालयात विचारावे आणि त्यानंतरच शाळेला विसार द्यावा. शाळेची बस परिवहन वाहन म्हणून नोंदलेली असते, त्यामुळे परवाना रद्द करणे आणि कराचा फरक भरणे ही कामेही वाढतील. हे जमणार नसेल, तर स्वतःच्या साध्या गाडीची आसने जागेवर ठेवून, मागच्या सामानाच्या जागेत उचलून ठेवता आणि काढता येईल अशी पेटी करून घ्यावी. ती सामानच राहते, आणि दोन माणसांच्या चार-सहा दिवसांच्या प्रवासाला तेवढे पुरते.

प्रश्न : जुनी गाडी पाहायला जाताना नेमके काय तपासावे? मेकॅनिक म्हणतो, इंजिन उत्तम आहे. – श्रीमती व. का., रत्नागिरी

उत्तर : इंजिन दुरुस्त होते, कुजलेला पत्रा होत नाही. आपण किनाऱ्यावर राहता, त्यामुळे हे अधिकच लक्षात ठेवा. बाजूच्या दरवाज्याची पायरी जिथे संपते तिथले रबरी मॅटिंग कडेने उचलायला सांगा. खाली पत्र्यावर तपकिरी पापुद्रे दिसले, तर पेचकसाचे टोक हलकेच दाबून पाहा. रंगाखालचा पत्रा भुसभुशीत लागला आणि टोक आत गेले, तर विक्रेत्याने कितीही किंमत उतरवली तरी ती गाडी घेऊ नये. मग मागच्या चाकांवरच्या कमानी आतून पाहाव्यात, छताच्या सांध्यांवर नळीने पाणी सोडून आत ओल येते का ते तपासावे आणि चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एखादा तुटलेला किंवा अलीकडेच वेल्डिंग केलेला तर नाही, हे गाडीखाली शिरून बघावे. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या गाडीचे सर्व्हिसचे कागद बहुधा व्यवस्थित असतात; ते मागून घ्यावेत.

दुसरी तपासणी कागदावरच करायची आहे. आरसीमध्ये रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात, आणि माणसे, फर्निचर, पाणी, बॅटरी, कपडे, धान्य हे सगळे त्या दोहोंमधल्या फरकात बसवायचे असते. अठरा मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटी प्लायच्या एका ताव्याचे वजन साधारण ३५ किलो भरते. सुताराने घरच्या सवयीने असे सात तावे वापरले, तर पाहता पाहता अडीचशे किलो वजन वाढते. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे आणखी शंभर किलो. त्यामुळे जिथे भार येत नाही तिथे ९ किंवा १२ मिलिमीटरचा प्लाय वापरावा, टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात आणि खाली बसवावी, आणि काम पूर्ण झाल्यावर गाडी सामानासह वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यावी. आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक तापून निकामी होण्यामागे बेसुमार वजन आणि चुकीचा गिअर ही दोनच कारणे बहुतेक वेळा असतात.

प्रश्न : परदेशी व्हिडिओंमध्ये भिंतींना लोकर किंवा काचलोकर भरून वरून लाकडी पट्ट्या मारतात. आपल्याकडे हे चालेल का? – एक वाचक, अकोला

उत्तर : ती बांधणी बर्फाळ हवेसाठी केलेली असते. आपल्याला प्रामुख्याने छतावरचे ऊन थोपवायचे आहे, आणि अकोल्याचा मे महिना सोसलेल्या माणसाला हे अधिक सांगण्याची गरज नाही. काचलोकर ओल धरते, आणि पावसाळ्यात त्या ओलीने पत्रा आतून गंजू लागतो. थर्माकोल हादऱ्यांनी कुरकुरतो आणि सहज पेट घेतो. एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा नायट्रिल रबराचा फोम सर्वांत सोयीचा आहे. तो पाणी शोषत नाही आणि पत्र्याला सलग चिकटतो, त्यामुळे पत्रा आणि फोम यांच्यामध्ये दव धरायला जागा उरत नाही. आधी छत, मग उन्हाकडच्या बाजू आणि खिडक्यांना परावर्तक पडदे, असा क्रम ठेवावा. छताला पांढरा रंग दिल्यास फार फरक पडतो, मात्र त्यासाठी आरसीतील रंगाची नोंदही बदलून घ्यावी.

परंतु फोम उष्णता केवळ अडवतो, आत साचलेली बाहेर काढत नाही. झोपलेली दोन माणसे रात्रभर श्वासावाटे बरीच वाफ सोडतात, तिच्यात स्वयंपाकाची भर पडते, आणि कोकणच्या दमट हवेत गाद्यांच्या खालच्या बाजूला आठवडाभरात बुरशी धरते. म्हणून छतावर हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खाली, शक्यतो सावलीच्या बाजूला, हवा आत येण्यासाठी जाळी लावलेली खिडकी या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. गादीखाली फळीऐवजी पट्ट्या ठेवाव्यात. प्लाय आयएस ७१० दर्जाचाच (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) घ्यावा आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा रेझिनने बंद करून घ्याव्यात, कारण पाणी प्लायमध्ये नेहमी कडेनेच शिरते.

प्रश्न : छतावर सोलर बसवले, तर रात्री एसी चालेल का? फ्रिज आणि इंडक्शनही हवे आहे. – सौ. मा. दे., नाशिक

उत्तर : फ्रिज चालेल, इंडक्शन जपून चालेल, एसी मात्र चालणार नाही, असे गृहीत धरून आखणी करावी. गाडीसाठी मिळणारा बारा व्होल्टचा लहान फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसाचा जवळपास निम्मा वेळ चालतो, म्हणजे त्याला अर्धा युनिट लागते. पंखे, दिवे, मोबाइल आणि एखादा लॅपटॉप धरून रोजची गरज एक युनिटच्या आसपास जाते. ३३० वॉटचे एक पॅनेल छतावर आडवे बसवले, तर स्वच्छ उन्हात एवढी वीज देते; आषाढात मात्र त्याच्यावर विसंबू नये. तेव्हा इंजिन चालू असताना त्यावरून राहण्याच्या भागाची बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर कामी येतो. ३० अँपियरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात साधारण एक युनिट भरून देतो.

बॅटरीविषयी आमचे मत स्पष्ट आहे. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपियर-तासांची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोहून जड असते आणि टिकवायची असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरावी लागते. दोनशे अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तिच्या निम्म्याहून कमी वजनात दोन युनिटे वापरायला देते. किंमत जास्त असली, तरी गाडीत तीच घ्यावी. ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, एवढे हिमालयात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

एसीला रात्रभरात चार-पाच युनिटे लागतात, तेव्हा तो हवा असेल तर वीज मिळणाऱ्या मुक्कामीच वापरावा. इंडक्शनचे दोन हजार वॉट बारा व्होल्टवर घ्यायचे म्हणजे पावणेदोनशे अँपियर प्रवाह वाहतो, आणि त्याला घरातली वायर चालत नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर ही जाड तांब्याची केबल शक्य तितकी आखूड असावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. घरे करणारा वायरमन कितीही कुशल असला, तरी बारा व्होल्टचे काम गाड्यांची वायरिंग करणाऱ्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : गॅसची शेगडी सुरक्षित आहे का? थंडीत तीच पेटवून गाडी गरम करता येईल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कधीही नाही. बंद गाडीत शेगडी, कोळशाची सिगडी किंवा चालू इंजिन यांपैकी काहीही ठेवून झोपू नये. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. दरवर्षी हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यांतला प्रत्येक मृत्यू टाळता आला असता. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाजवळ लावावा.

स्वयंपाकापुरती शेगडी वापरता येते, पण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा, घट्ट बांधलेला आणि गाडीच्या आतल्या भागापासून बंद केलेल्या कप्प्यात असावा, आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे छिद्र असावे. चालत्या गाडीत सिलिंडरचा कॉक बंदच हवा. एलपीजीमधील ब्युटेनचे बाष्पीभवन शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ थांबते, त्यामुळे स्पितीत पहाटे शेगडी मंद जळू लागली, तर दोष शेगडीचा नसतो.

प्रश्न : संडासाची सोय कशी करावी? हे विचारायला संकोच वाटतो. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संकोच मुळीच बाळगू नये. प्रवास जमणार की नाही हे पुष्कळदा याच गोष्टीवर ठरते, विशेषतः स्त्रियांसाठी. वीस लिटरच्या खालच्या टाकीचा सुटा संडास दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरतो. तो आडोशाला ठेवता येईल एवढी जागा आखणीतच राखावी. टाकी सार्वजनिक शौचालयात, तिथल्या माणसाला विचारून आणि त्याचे शुल्क देऊन रिकामी करावी. ती ओढ्यात, शेतात किंवा घाटाच्या कडेला ओतणे हा त्या गावावर केलेला अन्याय आहे.

प्रश्न : आम्ही ऑकलंडला राहतो. व्हॅनमध्ये सुटा संडास ठेवला, तर इथल्या नियमांत बसते का? – एक वाचक

उत्तर : बसत नाही. न्यूझीलंडमध्ये २०२३ च्या कायद्याने ‘स्वयंपूर्ण’ (पाणी आणि सांडपाण्याची सोय आतच असलेल्या) वाहनासाठी कायमचा बसवलेला संडास आवश्यक केला आहे. स्वयंपूर्णतेच्या प्रमाणपत्राशिवाय अनेक ठिकाणी रात्री थांबल्यास दंड होतो, म्हणून गाडी घेताना हिरवे प्रमाणपत्र आहे का, हे आधी पाहावे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. फ्लॅट भाड्याने देऊन बारा महिने गाडीतच राहावे, असे मनात आहे. आपले मत काय? – श्री. र. जो., पुणे

उत्तर : बेत चांगला आहे, तो मोडा असे आम्ही म्हणणार नाही. मात्र आधी एखादी कॅराव्हॅन भाड्याने घेऊन ऐन मे महिन्यात आणि पुन्हा एकदा जुलैमध्ये आठ-दहा दिवस राहून पाहावे. डिसेंबरात कोणत्याही गाडीत सुख वाटते. दिवसभर पाऊस लागला, ओले कपडे वाळत नाहीत आणि दोघांना एकाच सहा फुटांत बसून राहायचे आहे, अशा दिवसांत आपल्याला ते मानवते का, हे तेव्हाच कळते. आमचा सल्ला असा, की कार्तिक ते फाल्गुन कोकण, गोवा आणि विदर्भ, मग उन्हाळ्यात डोंगराळ मुलूख, आणि पावसाळ्याचे चार महिने पक्क्या छताखाली, अशी वर्षाची विभागणी करावी. त्यासाठी सगळा फ्लॅट भाड्याने न देता एक खोली स्वतःकडे ठेवता आली, तर पत्रे, बँक, आधारचा पत्ता आणि औषधोपचार यांचेही प्रश्न सुटतात.

रात्रीच्या मुक्कामाला पेट्रोल पंप किंवा ढाबा असेल, तर मालकाची परवानगी घ्यावी आणि तिथेच इंधन भरावे किंवा जेवावे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास बंदी आहे. आणि गाडी एकाच परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर कलम ४७ नुसार तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा इंधनाच्या आणि टोलच्या पावत्या जपून ठेवा. गाडी कधी कुठे होती हे दाखवायला त्याच उपयोगी पडतात.