व्रण दिसेल का?

प्रश्न: वय 34, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. कापूस वेचताना मान-पाठ भरून येते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्यात. स्तन लहान करून घ्यायचेत, पण व्रण दिसतील का?

उत्तर: ताई, व्रण राहतोच, पण कुठे राहील, ते बऱ्याच अंशी ठरवता येतं. स्तनाग्राच्या काळसर वर्तुळाच्या कडेने आणि तिथून सरळ खाली छेद घेतला, तर खालच्या घडीतला आडवा व्रण टळतो. स्तन फारच मोठे असले तर तोही लागतो, पण घडीत झाकला जातो. व्रण फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. खर्रा खात असाल, तर आधी सोडा, अगदी काकुळतीने सांगते! तंबाखूने रक्तपुरवठा घटतो, जखम चिघळते. पुढे मूल हवं असेल, तर सर्जनला आधीच सांगा. दूध कमी येऊ शकतं.